अंगावरून जास्त जातंय आणि ऑपरेशन सांगितलंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळीत खूप रक्त जातं म्हणून ज्यांना शस्त्रक्रिया सुचवली आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. गोळ्या-औषधांचा उल्लेख जरुरीपुरताच केला आहे. तुमची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा हे वाचन घेऊ शकत नाही, पण त्यांना काय विचारायचं ते यातून नक्की ठरवता येईल.

नेमकं किती गेलं म्हणजे ‘जास्त’?

पुस्तकातला आकडा आहे एका पाळीत ८० मिलिलिटर. घरी हे कोणी मोजत नाही आणि मोजायची गरजही नाही. तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, रात्री कपडे-चादर खराब होते, एक रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात, पाळी ७ दिवसांच्या पुढे लांबते, त्या दिवसांत बाहेर पडायचं म्हटलं की धास्ती वाटते, यातलं काहीही दर महिन्याला होत असेल तर ते जास्तच. जिना चढताना धाप लागणं, केस गळणं, माती किंवा बर्फ खावासा वाटणं ही शरीरातलं लोह संपत आल्याची चिन्हं असू शकतात.

“माझ्या आईलाही असंच जायचं, आमच्या घरात असतंच” हे वाक्य ओपीडीत फार ऐकू येतं. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण रक्त नीट न गोठण्याचा दोष काही घराण्यांत असतो. पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल, दात काढल्यावर किंवा बाळंतपणात रक्त थांबायला त्रास झाला असेल, तर ती तपासणी आधी व्हायला हवी. असा दोष असेल तर उपचारांची दिशाच बदलते.

डॉक्टरांनी एका सोनोग्राफीवरून ऑपरेशन ठरवलं. एवढं पुरे आहे का?

बहुतेक वेळा नाही. जास्त रक्तस्राव हे लक्षण आहे, आणि त्यामागची कारणं अनेक असतात. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या जागतिक संघटनेने २०११ मध्ये त्यांची जी वर्गवारी केली, तीच आज सगळीकडे वापरतात. एका बाजूला तपासणीत दिसणारी कारणं: पॉलिप म्हणजे पिशवीच्या (गर्भाशयाच्या) आतल्या अस्तराचा वाढलेला कोंब, पिशवीची भिंत जाड होऊन सुजणं म्हणजे अ‍ॅडिनोमायोसिस, फायब्रॉइड म्हणजे पिशवीच्या स्नायूंत होणाऱ्या साध्या गाठी, आणि कर्करोग किंवा त्याच्या आधीची अवस्था. दुसऱ्या बाजूला सोनोग्राफीत न दिसणारी: रक्त गोठण्यातले दोष, बीज वेळेवर न सुटणं, अस्तराचा स्वतःचा बिघाड, तांबी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसारख्या उपचारांचा परिणाम.

म्हणून किमान एवढं तरी झालेलं असावं: हिमोग्लोबिनसह रक्ततपासणी, गरोदरपणाची चाचणी (होय, पंचेचाळिशीतसुद्धा), लक्षणांनुसार थायरॉइड, आणि योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी. वय ४५ च्या पुढे असेल, वजन बरंच जास्त असेल, पीसीओएस (अंडाशयांच्या बिघाडाने पाळी अनियमित होणं) असेल किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवणं आवश्यक. तो अहवाल हातात येण्याआधी पिशवी काढायची तारीख ठरू नये. अहवालात कर्करोग निघाला तर ऑपरेशनचा प्रकार आणि ते करणारा तज्ज्ञ दोन्ही वेगळे असतात.

आधी औषधं घेतलीच पाहिजेत का?

कारण कर्करोग नसेल आणि पिशवीची पोकळी फार वेडीवाकडी झालेली नसेल, तर होय, बहुतेक जणींनी. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड फक्त जास्त जाण्याच्या दिवसांत घ्यायचं असतं. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर ते चालत नाही. संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) गोळ्या आहेत. आणि पिशवीत बसवायचं संप्रेरकयुक्त साधन आहे, ज्याला बहुतेक जणी ‘मिरेना’ म्हणूनच ओळखतात. दिसायला तांबीसारखं, पण काम उलटं: तांबीने पाळी वाढू शकते, याने ती खूप कमी होते.

याचा कंटाळा येतो तो पहिल्या ३ ते ६ महिन्यांत. थोडं थोडं डाग लागत राहतात, बाई वैतागते आणि काढून टाका म्हणते. ही अडचण आधीच सांगितली असेल तर बहुतेक जणी तग धरतात, आणि पुढे कित्येकींची पाळी नाममात्र उरते. माझं स्पष्ट मत आहे की ज्या रुग्णालयात या साधनाचा उल्लेखही न करता थेट पिशवी काढायला सांगतात, तिथून उठून दुसरं मत घ्यावं.

क्युरेटिंग केलं की थांबेल ना?

त्या महिन्यापुरतं थांबेल. खरवडलेलं अस्तर पुढच्या चक्रात परत तयार होतं. ‘पिशवी साफ करणे’ हा उपचार म्हणून आता सुचवला जात नाही. तपासणीसाठी नमुना घ्यायला किंवा तातडीच्या प्रसंगी रक्त थांबवायला त्याचा उपयोग होतो. एकीचं चार-चार वेळा क्युरेटिंग झालेलं असतं आणि एकदाही नमुन्याचा अहवाल फाइलमध्ये नसतो, हे पाहून मात्र डोकं फिरतं.

पिशवीच्या आत पॉलिप किंवा गाठ आहे. दुर्बिणीने निघेल?

हे या सगळ्यातलं सर्वांत समाधानाचं ऑपरेशन. योनिमार्गातून बारीक दुर्बीण आत घालतात, पोटावर एकही टाका नसतो, आणि बऱ्याचदा त्याच दिवशी घरी जाता येतं. पॉलिप मुळापासून काढतात. फायब्रॉइडची गाठ पोकळीत किती डोकावते यावर सगळं अवलंबून असतं. पूर्ण आत लोंबणारी सहज निघते. अर्ध्याहून अधिक भाग भिंतीत रुतलेला असेल तर काम अवघड होतं आणि कधी दोन टप्प्यांत करावं लागतं. दुर्बिणीने नीट दिसावं म्हणून आत द्रव सोडतात. तो शरीरात जास्त शोषला गेला तर धोका होऊ शकतो, म्हणून किती गेला आणि किती परत आला याचा हिशोब ऑपरेशनभर ठेवला जातो. पिशवीला भोक पडण्याची शक्यता थोडीशी असते.

पुढे मूल हवं असणाऱ्यांसाठी हाच मार्ग पहिला.

गाठी भिंतीत आहेत, बऱ्याच आहेत, आणि मला अजून मूल हवं आहे.

मग मायोमेक्टॉमी, म्हणजे गाठी काढून पिशवी शिवून ठेवणं. गाठी मोठ्या किंवा खूप असतील तर पोट उघडून, मोजक्या असतील तर पोटावरच्या छोट्या छिद्रांतून. ऑपरेशनात रक्त बरंच जाऊ शकतं, त्यामुळे रक्ताची सोय आधी करून ठेवतात. सही करताना त्या कागदावर ‘गरज पडल्यास पिशवी काढणे’ असं लिहिलेलं दिसेल. रक्त आवरलंच नाही तर जीव वाचवायला तसं करावं लागतं. हे क्वचितच घडतं, पण आधी बोलून घ्यावं.

गाठी परत येऊ शकतात, विशेषतः तिशीत ऑपरेशन झालं असेल तर. भिंतीत खोलवर टाके पडले असतील तर काही महिने दिवस राहू न देणं आणि पुढे सिझेरियन करणं असा सल्ला मिळतो. ‘तुमची पिशवी किती खोल उघडली होती’ हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पाच वर्षांनी बाळंतपणाला दुसऱ्या गावात असाल तेव्हा तोच कागद कामाला येतो.

आणि प्रत्येक गाठ काढायची नसते. पोकळीपासून दूर, बाहेरच्या बाजूला असलेली लिंबाएवढी गाठ जास्त रक्तस्रावाचं कारण सहसा नसते. “फायब्रॉइड आहे, कॅन्सर होईल” ही भीतीही बहुतेक वेळा अनाठायी. साध्या फायब्रॉइडच्या जागी कर्करोग निघणं अगदी विरळा.

अस्तर जाळण्याचं ऑपरेशन म्हणजे काय? पिशवी वाचते म्हणतात.

वाचते, पण मूल होण्यासाठी नाही. गरम द्रवाने भरलेला फुगा, रेडिओलहरी किंवा दुर्बिणीतून वीजप्रवाह वापरून अस्तर नष्ट करतात. प्रत्यक्ष उपचाराला काही मिनिटं लागतात, टाके नाहीत, दोन-चार दिवसांत कामाला लागता येतं. काहींची पाळी पूर्ण बंद होते, बऱ्याच जणींची साधारण होते.

हे कोणाला चालतं? मुलं होऊन गेलेली, पिशवी फार मोठी नाही, पोकळी सरळ, अस्तराचा तपासणी अहवाल स्वच्छ. चाळिशीच्या आत केलं किंवा पाळीत पोटात खूप दुखत असेल तर अपयशाचं प्रमाण वाढतं, कारण दुखणं बहुधा अ‍ॅडिनोमायोसिसचं असतं आणि तो आजार भिंतीत असतो, अस्तराच्या खाली. साधारण ५ पैकी १ बाईला पुढच्या काही वर्षांत पुन्हा काही तरी उपचार, बरेचदा पिशवी काढणंच, करावं लागतं.

इथे एक घोळ वारंवार होतो. पाळी बंद झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. जळलेल्या अस्तरावर गर्भ रुजला तर आईच्या जिवाला धोका असतो. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं नसेल तर गर्भनिरोधक चालू ठेवावंच लागतं.

ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात (‘हेल्थ ट्रायल’, २०१९) अस्तर जाळणं आणि पोटावरच्या छिद्रांतून घातलेल्या दुर्बिणीने पिशवीचा वरचा भाग काढणं यांची तुलना केली होती. १५ महिन्यांनी पिशवी काढलेल्यांपैकी ९७ टक्के आणि अस्तर जाळलेल्यांपैकी ८७ टक्के समाधानी होत्या. म्हणजे दोन्हीकडे समाधान भरपूर. काढण्यात खात्री जास्त, जाळण्यात शरीराची मोडतोड कमी.

रक्तवाहिनी बंद करून गाठी सुकवतात असं ऐकलं, खरं का?

खरं आहे. फायब्रॉइडसाठी हा उपचार १९९५ मध्ये फ्रान्समधून पुढे आला. क्ष-किरण विभागातला तज्ज्ञ जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी पिशवीच्या धमनीपर्यंत नेतो आणि वाळूपेक्षा बारीक कण सोडून गाठींचं रक्त तोडतो. पूर्ण भूल लागत नाही. पहिल्या दिवशी पोटात जोरात कळा येतात, ताप येऊ शकतो. त्यासाठी एक-दोन दिवस दवाखान्यात ठेवतात. गाठी पुढच्या महिन्यांत आकसतात.

नेदरलँड्समधल्या ‘एमी’ अभ्यासात ५ वर्षांपर्यंत साधारण २८ टक्के आणि १० वर्षांपर्यंत ३५ टक्के जणींना शेवटी पिशवी काढावी लागली. उलटून वाचलं तर सुमारे दोन तृतीयांश जणींची वाचली. मूल हवं असेल तर सहसा मायोमेक्टॉमीला पसंती देतात. आपल्याकडे ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत आहे, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी कोणी हा पर्याय सांगत नाही. विचारल्याशिवाय कळणार नाही.

मग पिशवी काढणं नक्की कधी योग्य?

कर्करोग असेल, किंवा अस्तराच्या पेशींत त्याच्या आधीचे संशयास्पद बदल असतील. औषधं आणि मिरेना मनापासून वापरून उपयोग झाला नसेल. पिशवी गाठींनी फार मोठी झाली असेल. अ‍ॅडिनोमायोसिसमुळे दर महिन्याचे आठ दिवस रक्त आणि वेदना यांत जात असतील आणि मूल नको असेल. अशा बाईला “थांबा, पाळी जाईलच चार-पाच वर्षांत” असं सांगत ठेवणं हाही अन्यायच आहे. सगळे पर्याय समजून घेऊन “मला आता हे कायमचं संपवायचं आहे” म्हणणारीचा निर्णय पूर्णपणे रास्त आहे.

ही कारणं मात्र पुरेशी नाहीत: अंगावरून पांढरं जाणं, ‘पिशवीच्या तोंडाला जखम’, ‘पिशवीला सूज’, कंबरदुखी, किंवा पुढे कॅन्सर होऊ नये म्हणून. ज्याला जखम म्हणतात तो बहुतेकदा पिशवीच्या तोंडावरचा निरुपद्रवी लालसरपणा असतो. पॅप तपासणी, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशींची कर्करोगासाठीची तपासणी, करून घ्यावी आणि ती चांगली आली की निर्धास्त राहावं.

“मुलं झाली, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही झालं, आता पिशवीचं काय काम?” असं घरातले म्हणतात.

हे वाक्य महाराष्ट्राला महागात पडलं आहे. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला दोघांची एकच जोडी, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, आणि कामाला खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांत फडात ना संडास ना पाणी. अशा वेळी कोणी ‘पिशवी काढली की कटकट मिटली’ म्हटलं तर ते पटतंच. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत चाळिशीच्या आतल्या कित्येक होत्या.

देशभरातलं चित्रही फार वेगळं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ३.३ टक्के स्त्रियांची पिशवी काढलेली होती, निम्म्याहून अधिक जणींनी कारण सांगितलं जास्त रक्तस्राव, आणि बहुसंख्य ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत झाली. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानमधल्या अनावश्यक ऑपरेशनांविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला आणि केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सर्व राज्यांना सांगितलं.

पिशवीचं काम विचाराल, तर ती काढताना अंडाशयांचा रक्तपुरवठाही थोडा कमी होतो आणि पाळी जाण्याची लक्षणं काही वर्षं लवकर सुरू होऊ शकतात. तिशी-पस्तिशीत कष्टाची कामं करणाऱ्या बाईला त्यामुळे लवकर सुरू होणारी हाडांची झीज परवडत नाही.

अंडाशयही काढूया असं सुचवलं आहे.

कारण विचारा. पाळी अजून चालू असेल, अंडाशय निरोगी असतील आणि घराण्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग नसेल, तर ते ठेवावेत. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही काढले तर हृदयविकार आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, आणि पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरकं घेण्याचा विचार करावा लागतो. गर्भनलिका मात्र त्याच वेळी काढून टाकायला हरकत नसते. अंडाशयाच्या कर्करोगाचा एक मोठा प्रकार तिथूनच सुरू होतो असं आता मानतात.

पोटातून, खालून की दुर्बिणीतून?

शक्य असेल तर खालून, म्हणजे योनिमार्गातून: पोटावर छेद नाही, दुखणं कमी, खर्चही कमी. पिशवी खाली उतरलेली नसली तरी हे जमतं आणि आपल्याकडच्या अनेक डॉक्टरांचा यात हात बसलेला आहे. ते जमत नसेल तर पोटावरच्या छोट्या छिद्रांतून घातलेली दुर्बीण. फार मोठी पिशवी, आधीच्या ऑपरेशनांमुळे चिकटलेली आतडी, अशा वेळी पोट उघडणंच सुरक्षित ठरतं. दुर्बीण म्हणजे आधुनिक आणि पोटातून म्हणजे मागासलेलं, असं समजू नका. मूत्राशय आणि मूत्रवाहिनीला इजा होण्याचा धोका सगळ्याच प्रकारांत असतो, म्हणून ‘तुम्ही कोणत्या प्रकारची ऑपरेशनं नेहमी करता?’ हा प्रश्न खुशाल विचारा.

पिशवीचं तोंड ठेवलं असेल तर पॅप तपासणी पुढेही करत राहायची.

सही कोणाची लागते? नवऱ्याची?

तुमची. सज्ञान बाईच्या शरीरावरच्या शस्त्रक्रियेला तिची स्वतःची संमती लागते. दवाखाने नातेवाइकाची सही घेतात ती त्यांच्या सोयीसाठी. यावर सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे, समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. पाळीत बरेच दिवस रक्त जातं म्हणून आलेल्या ४४ वर्षांच्या अविवाहित बाईला तपासणीच्या दुर्बिणीसाठी भूल दिली होती, आणि ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन पिशवी, नलिका आणि अंडाशय काढले गेले. न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि जिवावरचा प्रसंग नसताना आईची संमती चालत नाही. कागदावर काय काय काढणार ते मराठीत वाचून घ्या. वाचून दाखवा म्हणायचाही तुम्हाला हक्क आहे.

हिमोग्लोबिन ६ आहे. आधी ऑपरेशन की आधी रक्त?

तातडी नसेल तर आधी रक्तस्राव औषधाने थोपवून लोह भरून काढायचं. गोळ्यांना वेळ लागतो. शिरेतून दिलेल्या लोहाने काही आठवड्यांत चांगला फरक पडतो. चक्कर, धाप, छातीत धडधड असेल तर रक्त चढवावं लागेल. गंमत म्हणजे हिमोग्लोबिन ११ वर गेल्यावर आणि औषध लागू पडल्यावर काही जणी ऑपरेशनच नको म्हणतात. त्यांना तसं म्हणू द्यावं.

सरकारी योजनेत होतं का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा. रेशन कार्ड, आधार आणि सगळे जुने अहवाल बरोबर न्या. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते ते बदलत असतं, म्हणून भरती होण्याआधीच विचारून घ्या.

पिशवी काढल्यावर वजन वाढतं का? नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होतो का?

वजन पिशवी गेल्याने वाढत नाही. महिना-दोन महिने हालचाल कमी आणि घरात तूप-शिरा जास्त, त्याने वाढतं. संबंध ६ ते ८ आठवड्यांनंतर, तपासणी झाल्यावर सुरू करता येतात आणि बहुतेक जणींना पूर्वीसारखेच, काहींना वेदना आणि रक्त गेल्यामुळे बरे वाटतात. अंडाशय काढले असतील तर कोरडेपणा येऊ शकतो, त्यावर उपाय आहेत.

घरी आल्यावर काय सांभाळायचं, आणि परत कधी धावायचं?

दुसऱ्या दिवसापासून चालायला लागा. पडून राहिल्याने पायात गुठळी होते. पाण्याची बादली, हंडा, गॅसचं सिलिंडर, कडेवरचं मूल हे ६ आठवडे नाही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. थोडा तपकिरी किंवा गुलाबी स्राव काही आठवडे चालतो. ताप, घाण वासाचा स्राव, पॅड भरेल इतकं ताजं रक्त, लघवी अडणं किंवा सतत झिरपणं, कमरेत एका बाजूला तीव्र कळ, एकच पाय सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. डिस्चार्ज कार्ड बरोबर ठेवा. आणि काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजी अहवाल दहा-पंधरा दिवसांनी येतो. तो आणायला जायचं विसरू नका, कोणी फोन करून सांगेलच असं धरून चालू नका.